रोबेस्पिअर : बारा खुर्च्यांपैकी एक

‘मॉडेल युनायटेड नेशन्स’ हा शब्द आपल्याकडे अजून फारसा रुळलेला नाही. विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी व्हायचे, संयुक्त राष्ट्रसंघासारखी सभा भरवायची, ठराव मांडायचे आणि वाटाघाटी करायच्या, असा तो खेळ. जुना राष्ट्रसंघ हयात होता तेव्हापासून, म्हणजे १९२० च्या दशकापासून, अमेरिकेतल्या विद्यापीठांत तो चालत आला आहे. त्याचीच एक फांदी म्हणजे ऐतिहासिक समिती. इथे देशांऐवजी माणसे वाटून देतात. एखादे क्रांतिकारक सरकार घ्यायचे, त्यातल्या प्रत्येकाची भूमिका एकेका विद्यार्थ्याकडे द्यायची आणि त्याला टेबलाशी बसवायचे. संयोजक शेजारच्या खोलीतून बातम्या धाडत राहतात : अमुक शहर पडले, तमुक ठिकाणी धान्य लुटले गेले. बारा डोकी मिळून त्यावर आदेश लिहितात, बहुमत झाले की आदेश लागू. न्यू यॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात मार्क कार्न्स या इतिहासाच्या प्राध्यापकांनी १९९० च्या दशकात असे खेळ थेट अभ्यासक्रमातच आणले. त्यांतला एक खेळ १७९१ मधल्या फ्रान्सवर आहे.

फ्रान्सची सार्वजनिक सुरक्षा समिती या मंडळींच्या विशेष आवडीची. सीमेवर युद्ध, घरात यादवी, पावाला रांगा, चौकात गिलोटिन, आणि या सगळ्याला तोंड द्यायला एका टेबलाभोवती बसलेली बारा माणसे. नाटकाला आणखी काय हवे?

गेल्या हिवाळ्यात एका शहरात भरलेल्या अशा समितीत माझ्या वाट्याला मॅक्झिमिलियन रोबेस्पिअर आला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे ज्या सभेत सगळे इंग्रजीतून बोलणार तिथे जायचे या विचारानेच पोटात गोळा आला होता. पण खरी पंचाईत वेगळीच होती. संयोजकांच्या माहितीपत्रकात रोबेस्पिअरबद्दल चार ओळी होत्या. तो वकील होता, उत्तम वक्ता होता, दहशतीचा सूत्रधार होता, आणि कोणाच्याही अटकेचा हुकूम तो एकट्याच्या सहीने काढू शकत असे. चार ओळींतून माणूस उभा राहत नाही. म्हणून इतिहास विभागातल्या सरांना गाठले. त्यांनी आर. आर. पामर यांचा, १९४१ साली प्रसिद्ध झालेला, या बारा जणांवरचा ग्रंथ हाती ठेवला आणि आणखी दोन पुस्तके शोधून दिली. ती वाचताना ध्यानात आले की पत्रकातली शेवटची ओळ खरी नाही. ती खरी नसल्यामुळे रोबेस्पिअर निर्दोष ठरत नाही. पण दोष नेमका कुठे ठेवायचा, हा प्रश्न मात्र पार बदलून जातो.

उत्तर फ्रान्समधल्या आरास गावी ६ मे १७५८ रोजी त्याचा जन्म झाला. घराणे वकिलांचे, म्हणजे अक्षरशत्रू नव्हे. पण तो सहा वर्षांचा असताना आई बाळंतपणात गेली, आणि त्यानंतर बापाचे घरावरून चित्तच उडाले. तो गाव सोडून गेला, मधूनच परते, पुन्हा जाई. चार भावंडांची वाटणी झाली. मॅक्झिमिलियन आणि धाकटा ऑगस्टिन आजोळी आले, बहिणी आत्यांकडे गेल्या. आजोबा बिअर गाळण्याच्या धंद्यातले. अकराव्या वर्षी, १७६९ मध्ये, आरासच्या सेंट व्हास्त मठाची शिष्यवृत्ती मिळून हा मुलगा पॅरिसच्या लुई-ल-ग्राँ या नामांकित विद्यालयात दाखल झाला आणि पुढली बारा वर्षे तिथेच राहिला. लॅटिनमध्ये त्याने बक्षिसे मिळवली, रोमचे प्रजासत्ताक पाठ केले. दोन वर्षांनी लहान असलेल्या कामीय देमुलाँ नावाच्या बोलघेवड्या मुलाशी त्याची ओळख झाली ती इथेच. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

त्या काळातले त्याचे एक पत्र सांगितले जाते. १७७८ साली आरासचे बिशप पॅरिसला आले होते. त्यांच्या भेटीला जावे तर अंगावर घालण्याजोगे कपडे नाहीत, तेव्हा काही मदत मिळावी, अशी विनंती त्यात आहे. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या कोणालाही हे पत्र समजावून सांगावे लागणार नाही. अभ्यासात पहिला आणि समारंभात मात्र भिंतीला टेकून उभा, अशी मुले प्रत्येक महाविद्यालयात असतात. पुढे आयुष्यभर रोबेस्पिअरचे कपडे नेटके आणि केस पावडर लावून बसवलेले असत. क्रांतीच्या ऐन धामधुमीत इतर पुढारी मुद्दाम अजागळ राहू लागले, तरी याने ही शिस्त सोडली नाही. चरित्रकार याला त्याचा ताठा म्हणतात. मला त्यात ते पत्र दिसते.

१७८१ मध्ये तो वकील होऊन आरासला परतला. विद्यालयाने ६०० लिव्हरचे पारितोषिक दिले आणि त्याची शिष्यवृत्ती धाकट्या भावाकडे चालू ठेवली. त्याचा एक खटला गमतीचा आहे. सेंत-ओमेर गावातल्या एका गृहस्थाने घरावर वीजवाहक बसवला. शेजाऱ्यांना वाटले, हा आता आकाशातली वीज गल्लीत ओढून आणणार. त्यांनी तक्रार केली आणि अधिकाऱ्यांनी तो काढून टाकण्याचा हुकूम दिला. रोबेस्पिअरने विज्ञानाची बाजू मांडून १७८३ मध्ये खटला जिंकला आणि आपले छापील भाषण थेट बेंजामिन फ्रँकलिन यांना पाठवून दिले. याच सुमारास तो बिशपच्या न्यायालयात न्यायाधीशही होता. एका गुन्हेगाराला देहदंड फर्मावण्याची वेळ आली तेव्हा त्याचे जेवणखाण सुटले, असे बहीण शार्लोतने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. बहिणीचे लिखाण म्हणून त्यातले थोडे वजा करावे. तरीसुद्धा पुढची गोष्ट वजा करता येत नाही, कारण ती संसदेच्या दप्तरात आहे.

ती अशी. मे १७८९ मध्ये इस्टेट्स जनरल भरली, तिथे तो आर्त्वा प्रांतातून तिसऱ्या वर्गाचा प्रतिनिधी म्हणून गेला. वय एकतीस, आवाज बारीक, नाव कोणाला नीट लिहिताही येत नसे. पहिली दोन वर्षे तो बहुतेक अल्पमतातच राहिला. नव्या राज्यघटनेने नागरिकांचे दोन भाग पाडले होते. तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणारा तो सक्रिय नागरिक, त्याला मत. त्याहून गरीब तो निष्क्रिय, त्याला मत नाही. संसदेत निवडून यायचे तर एका चांदीच्या मार्काइतका कर भरावा लागणार होता. रोबेस्पिअर याविरुद्ध पुन:पुन्हा उठला आणि पुन:पुन्हा हरला. माझे वडील बाजार समितीत हमाली करतात. त्या फ्रान्समध्ये ते कोणत्या यादीत बसले असते, हे मनाशी ताडून पाहिले तेव्हा या बारीक आवाजाच्या वकिलाविषयी मला पहिल्यांदा आपलेपणा वाटला. ज्यूंना आणि नटांना नागरिकत्वाचे हक्क मिळावेत म्हणून तो बोलला. वसाहतींतल्या गुलामगिरीला राज्यघटनेने मान्यता देऊ नये म्हणूनही तो बोलला. आणि ३० मे १७९१ रोजी देहदंडाची शिक्षाच कायद्यातून काढून टाकावी अशी मागणी त्याने केली. सभेने ती फेटाळली. पुढच्या एप्रिलमध्ये पॅरिसला गिलोटिन प्रथम वापरले गेले.

त्याच मे महिन्यात त्याने आणखी एक ठराव मांडला : आत्ताच्या सभासदांपैकी कोणीही पुढच्या संसदेला उभे राहू नये. तो मंजूर झाला आणि ठराव मांडणारा स्वत: घरी बसला. घर म्हणजे दुप्ले नावाच्या सुतारकामाच्या कंत्राटदाराकडची एक खोली. जुलै १७९१ पासून मरेपर्यंत तो तिथेच राहिला. पैशाला तो शिवला नाही हे त्याच्या वैऱ्यांनीही मान्य केले आहे. लोक त्याला भ्रष्ट न होणारा याच नावाने ओळखत. त्या हिवाळ्यात ब्रिसो आणि त्याचे सहकारी युद्धाची हाळी देत होते, तेव्हा जाकोबिन क्लबात याने जवळजवळ एकट्याने विरोध केला. परदेशात सैन्य घुसवले तर तिथली जनता क्रांतीच्या विरोधात जाईल आणि उद्या एखादा विजयी सेनापती आपल्याच मानगुटीवर बसेल, असे त्याचे म्हणणे होते. युद्ध झालेच. सेनापतीही आला, पण तो पाहायला रोबेस्पिअर उरला नव्हता.

१७९२ ची हकीकत पाठ्यपुस्तकात आहे, ती इथे उगाळत नाही. १० ऑगस्टला राजेशाही कोसळली, सप्टेंबरात कन्व्हेन्शन नावाची नवी सभा बसली, आणि देहदंड नको म्हणणाऱ्या माणसाने राजाला मात्र देहदंड द्यावा असे मत दिले. त्याचा युक्तिवाद असा की, राजाचा खटला चालवणे म्हणजे राजा कदाचित निर्दोष असेल आणि क्रांतीच दोषी असेल असे मान्य करणे. २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा वध झाला. एक अपवाद म्हणून केलेली ही गोष्ट होती. त्याच्या आयुष्यातले पुढचे दीड वर्ष वाचताना मी हे अपवाद मोजू लागलो.

आता ती समिती. ती ६ एप्रिल १७९३ ला स्थापन झाली तेव्हा तीत डॅन्टन होता, रोबेस्पिअर नव्हता. तो आला २७ जुलैला, डॅन्टन बाहेर पडल्यानंतर. सप्टेंबरपर्यंत बारा जण पुरे झाले. त्वीलरी राजवाड्याच्या एका टोकाला, हिरव्या कापडाने झाकलेल्या टेबलाभोवती ते बसत. कार्नो सैन्य पाही, लँदे अन्नधान्य, एक प्रिअर बंदुका आणि दारूगोळा. सेंट आंद्रे आरमारापायी बहुधा बंदरांवरच असे. कुताँचे पाय लुळे पडलेले, सेंट जस्ट जेमतेम सव्वीस वर्षांचा. कोलो एकेकाळचा नट. अध्यक्ष कोणीच नव्हता. आत काय बोलणे झाले याची टिपणे ठेवली जात नसत. दर महिन्याला कन्व्हेन्शन समितीला मुदतवाढ देई, म्हणजे मनात आणले असते तर कोणत्याही महिन्यात तिला घरी पाठवता आले असते. आदेश निघत ते सह्यांनी, कधी दोघातिघांच्या, कधी अधिक. रोबेस्पिअरच्या हातचे आदेश कार्नोच्या आदेशांपेक्षा कितीतरी थोडे आहेत. त्याच्याकडे स्वतंत्र खाते नव्हते. त्याच्याकडे होता तो आवाज. कन्व्हेन्शनमध्ये आणि जाकोबिन क्लबात समितीची बाजू उभी करणारा, आजचे कृत्य उद्याच्या सद्गुणी प्रजासत्ताकासाठी आहे असे पटवणारा आवाज.

या समितीने देश वाचवला, हे तिच्या शत्रूंनाही नाकारता येत नाही. ऑगस्ट १७९३ मध्ये सबंध राष्ट्राला सैन्यभरतीची हाक गेली. सप्टेंबरअखेर धान्यापासून मजुरीपर्यंत सगळ्याला कमाल दर ठरले. पुढच्या जूनमध्ये फ्लेरूसच्या लढाईत शत्रू मागे हटला. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी कन्व्हेन्शनने वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. आणि याच काळात देशभर सुमारे १७,००० लोकांना न्यायालयांनी देहदंड दिला. त्यांपैकी पॅरिसमधले सुमारे २,६००. बाकीचे बहुतांशी यादवीने पेटलेल्या व्हाँदेसारख्या भागांतले. खटल्यावाचून मारले गेलेले आणि तुरुंगात मेलेले वेगळेच.

आमच्या त्या खेळात हा काळ दोन दिवसांत उरकला. बारापैकी नऊ जण चांगल्या शाळांतून आलेले, सराईत. तिथे एक पांढरा फळा होता आणि त्यावर कोणीतरी गिलोटिनखाली गेलेल्यांची संख्या मांडत होते. क्रिकेटच्या धावफलकासारखी ती वाढत होती, आणि प्रत्येक आकड्याला हशा. ज्याची भूमिका मारली जाई त्याला चहा पिऊन येताच दुसरी मिळे. हा खेळ का खेळतात असे त्या वेळी मनापासून वाटले. सतराशे नव्वदच्या त्या मुडद्यांना मराठीत किंवा फ्रेंचमध्ये रडणारे कोणीतरी होतेच ना? पण दुसऱ्या दिवशी डॅन्टनच्या अटकेचा कागद टेबलावर फिरला आणि माझे मत थोडे बदलले. मी अडखळत इंग्रजीत विचारले की कारण काय. शेजारच्याने सांगितले, आपण केले नाही तर तो आपल्याला करील. दुसरा म्हणाला, सगळ्यांनी केली आहे, तुझीच राहिली. कागद आला, सही झाली, कागद पुढे सरकला. पाच मिनिटेही लागली नाहीत. लँदेच्या जागी बसलेल्या मुलीने मात्र तो न वाचताच पुढच्याकडे सरकवला आणि आपल्या धान्याच्या आकड्यांत डोके घातले. तिने लँदेचा अभ्यास केला होता.

खऱ्या टेबलावर घडले ते असे. डॅन्टन आणि कामीय देमुलाँ आता दहशत सैल करा असे म्हणू लागले होते. डॅन्टनची पहिली पत्नी वारली तेव्हा, फेब्रुवारी १७९३ मध्ये, रोबेस्पिअरने त्याला जिव्हाळ्याचे सांत्वनपत्र लिहिले होते. कामीयच्या लग्नात तो साक्षीदार होता. बियो-व्हारेनने डॅन्टनच्या अटकेची गोष्ट प्रथम काढली तेव्हा रोबेस्पिअर संतापून उठला होता, असे बियोनेच पुढे सांगितले. काही आठवड्यांत तो बदलला. सेंट जस्टच्या आरोपपत्रासाठी त्याने स्वत:च्या हाताने टिपणे काढून दिली. त्यांत खाजगी बैठकीतले बोलणे, हास्यविनोदसुद्धा पुरावा म्हणून आले आहेत. मला सगळ्यात भीषण वाटतात ती ही टिपणे, गिलोटिनपेक्षाही. मार्चअखेरच्या त्या रात्री सार्वजनिक सुरक्षा समिती आणि पोलिसी काम पाहणारी दुसरी समिती एकत्र बसल्या आणि हजर असलेल्या बहुतेक सर्वांनी सह्या केल्या. रोबेर लँदेने केली नाही. आपण लोकांना खाऊ घालायला इथे आहोत, देशभक्तांना मारायला नाही, अशा आशयाचे काही तो बोलल्याचे सांगतात. त्याला कोणी काही केले नाही. धान्याचे खाते त्याच्याचकडे राहिले.

५ एप्रिल १७९४ रोजी डॅन्टन आणि कामीय यांचा वध झाला, आठच दिवसांनी कामीयच्या बायकोचा, ल्युसीलचा. बारांतला एरो द सेशेलही डॅन्टनबरोबरच गेला, म्हणजे उरले अकरा. ८ जूनला परमेश्वराच्या नावाने मोठा उत्सव झाला आणि रोबेस्पिअर मिरवणुकीच्या अग्रभागी चालला. दोनच दिवसांनी प्रेरियालचा कायदा आला. आरोपीला वकील नाही, साक्षीदारांची गरज नाही, निकाल दोनच : सुटका किंवा मृत्यू. कुताँने तो मांडला. सभासद विचाराला वेळ मागू लागले तेव्हा आजच्या आज मंजूर करा असा आग्रह रोबेस्पिअरने धरला. इथे त्याची वकिली मला करता येत नाही. वीजवाहकाचा खटला लढलेल्या माणसाने वकीलच रद्द केला. पुढच्या सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये तेराशेहून अधिक माणसे गेली, आधीच्या चौदा-पंधरा महिन्यांत गेली होती त्यांहून जास्त.

आणि याच आठवड्यांतला बराचसा काळ तो समितीत जात नव्हता. सहकाऱ्यांशी बिनसले होते, प्रकृती खचली होती. सह्या दुसऱ्यांच्या होत होत्या, यंत्र त्याच्यावाचून फिरत होते. २६ जुलैला तो कन्व्हेन्शनमध्ये परतला आणि दोन तास बोलला. सभेत कारस्थानी आहेत असे म्हणाला, पण नावे घेतली नाहीत. नावे घेतली असती तर दहा-पाच जण घाबरले असते, न घेतल्याने सगळेच घाबरले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ९ थर्मिडोरला, त्याला बोलूच दिले नाही. अटकेचा ठराव झाला. भाऊ ऑगस्टिनने आपल्यालाही बरोबर घ्या असे सांगितले आणि त्यालाही घेतले. रात्री नगरभवनात गोळी लागून रोबेस्पिअरचा जबडा फुटला. ती त्याने स्वत: झाडली की कोणी शिपायाने, यावर अजून वाद आहे. पहाटे त्याला समितीच्याच दालनाबाहेर आणून एका टेबलावर निजवले होते. २८ जुलै १७९४ रोजी तो, ऑगस्टिन, सेंट जस्ट, कुताँ यांच्यासह बावीस जण गिलोटिनखाली गेले. त्याचे वय छत्तीस.

त्यानंतर काय झाले ते आमच्या माहितीपत्रकात नव्हते, आणि चार ओळींतली ती शेवटची ओळ कुठून आली हे त्यातच दडलेले आहे. मागे राहिलेल्या सर्वांना एकाएकी आठवले की सारे काही रोबेस्पिअरने केले. तोच हुकूमशहा, आम्ही भ्यालेलो. ज्यांच्या सह्या त्याच्याहून अधिक होत्या तेही हेच सांगू लागले. सगळ्यांचे सुटले असे मात्र नाही. १७९५ च्या वसंतात बियो, कोलो आणि बारेर यांना दोषी धरून देशोधडीला लावण्याचे ठरले. पहिले दोघे गियानाला रवाना झाले, बारेर निसटला आणि १८४१ पर्यंत जगला. कार्नोने विजय घडवला होता म्हणून त्याला वगळले.

या तिघांवर कारवाईची चर्चा चालली होती तेव्हा, मार्च १७९५ मध्ये, त्यांच्या बाजूने कन्व्हेन्शनमध्ये दीर्घ भाषण केले ते रोबेर लँदेने. डॅन्टनच्या कागदावर ज्याची सही नव्हती तोच सांगत होता की त्या समितीने जे केले ते सर्वांनी मिळून केले, न्याय करायचा तर सगळ्यांचा करा, आणि त्या सगळ्यांत त्याने स्वत:लाही धरले होते.